गिटारवरील स्वरसंघात आणि सॉफ्टवेअरचे साहाय्य

गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास पहिली अडचण येते ती स्वरसंघाताची, म्हणजेच कॉर्डची. पेटी जाणणाऱ्या शिक्षकांस ही कल्पना सहज उमजेल. ‘ई मायनर’ म्हणजे ई हा षड्ज धरून सा, कोमल ग व प हे स्वर एकत्र वाजविणे. त्याकरिता पाचवी व चौथी तार दुसऱ्या पडद्यात दाबावी. उरलेल्या चार तारा मोकळ्या ठेवाव्यात. तिसरी तारही पहिल्या पडद्यात दाबली की कोमल गंधार शुद्ध होतो आणि ‘ई मेजर’ सिद्ध होते. हा पालट कानाने ओळखता येणे, हाच खरा पाया होय.

सॉफ्टवेअर बोटांच्या जागा चित्ररूपाने दाखविते, मायक्रोफोनमधून वादन ऐकून चूकही दर्शविते. मात्र ते हात पाहत नाही. बोट शेजारच्या तारेस टेकले किंवा पडद्याच्या पट्टीपासून दूर पडले, तर आवाज दबतो. कारण न कळलेला मुलगा अधिकच जोर लावतो, बोटे दुखतात आणि वाद्य कोपऱ्यात जाते. अशा वेळी शिक्षकांनी, स्वतःस गिटार येत नसले तरी, त्याजकडून एकेक तार निरनिराळी छेडवून घ्यावी व दबलेल्या तारेजवळील बोट न्याहाळावे. सॉफ्टवेअरची लय तोवर निम्मी ठेवावी.