दंड-बैठका काढताना श्वास रोखणे अयोग्य

दंड, बैठका, पोटाचे व्यायाम आणि लोखंडी दांड्याला लोंबकळून शरीर वर उचलणे, हे केवळ स्वतःच्या शरीराच्या वजनावर करावयाचे व्यायाम होत. त्यांना साधने फारशी लागत नाहीत व जागाही थोडी पुरते. प्रौढ व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मात्र असा व्यायाम सुरू करणाऱ्यांचे लक्ष बहुधा संख्येकडे असते. जोर लावताना श्वास नकळत कोंडला जातो आणि काही वेळाने डोके जड होते किंवा चक्कर येते. त्याचा दोष मग अशक्तपणाला दिला जातो.

श्वास कोंडल्यावर काय घडते?

जड वस्तू उचलताना माणूस छातीत हवा भरून घेतो, कंठद्वार बंद करतो आणि पोटाचे स्नायू आवळतो. त्यामुळे छाती व पोटातील दाब वाढून पाठीच्या कण्याला आधार मिळतो. बंद कंठद्वारावर उच्छ्वासाचा जोर देण्याच्या या क्रियेला इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोनियो मारिया वाल्साल्वा (१६६६-१७२३) यांचे नाव मिळाले आहे.

या क्रियेत रक्तदाब प्रथम एकदम चढतो. छातीतील वाढलेल्या दाबामुळे शिरांमधून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, त्यामुळे हृदयातून बाहेर पडणारे रक्तही घटते. श्वास सोडताच रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि पुन्हा उसळी घेतो. या चढउतारात मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही क्षण कमी पडला, तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसून आले. त्यात खेळाडूंना दोन्ही पायांनी जास्तीत जास्त वजन ढकलण्यास सांगण्यात आले होते. श्वास कोंडून वजन ढकलताना त्यांचा रक्तदाब सरासरी ३११/२८४ पर्यंत गेला. तेच वजन सावकाश श्वास सोडत ढकलताना तो सरासरी १९८/१७५ होता. विश्रांतीच्या स्थितीत निरोगी प्रौढाचा रक्तदाब १२०/८० च्या आसपास असतो. दंड-बैठकांत शरीरावरील भार याहून बराच कमी असल्याने रक्तदाबही इतका वाढत नाही. परंतु ही क्रिया सलग पंधरा-वीस वेळा केली जात असल्याने श्वास कोंडण्याची सवय दुर्लक्षिण्याजोगी नाही.

श्वास कधी घ्यावा, कधी सोडावा?

साधारण नियम सोपा आहे. ज्या हालचालीत जोर लागतो तीत श्वास सोडावा आणि शरीर सैल होत मूळ स्थितीला येताना श्वास घ्यावा. साध्या दंडात छाती जमिनीकडे नेताना श्वास घ्यावा व हातांनी शरीर वर ढकलताना सोडावा. बैठकेत खाली बसताना श्वास घ्यावा आणि उठताना सोडावा. दांड्याला लोंबकळून शरीर वर खेचताना श्वास सोडावा, खाली येताना घ्यावा. उताणे झोपून डोके व खांदे उचलण्याच्या व्यायामात खांदे उचलताना श्वास सोडल्यास पोटाचे स्नायू अधिक चांगले आकसतात.

कोपरांवर शरीर तोलून धरणे किंवा भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसणे यांसारख्या व्यायामांत शरीर स्थिर असते. श्वास रोखला जाण्याची शक्यता येथेच सर्वाधिक. अशा वेळी श्वासोच्छ्वास लहान, परंतु अखंड ठेवावा.

सूर्यनमस्काराचा नियम वेगळा

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारात श्वासाचा नियम जोरावर नव्हे, तर छातीच्या स्थितीवर ठरतो. हात वर नेऊन मागे झुकताना व भुजंगासनात छाती फुलते, म्हणून श्वास घेतला जातो. पुढे वाकताना पोट दबते, म्हणून तो सोडला जातो. छाती पुढे नेऊन वर उचलण्याच्या तालमीतील दंडातही अनेक जण हीच पद्धत पाळतात. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. सूर्यनमस्काराच्या काही पद्धतींत साष्टांग स्थितीत श्वास क्षणभर रोखण्यास सांगितले जाते. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावे.

सावधगिरी कोणी बाळगावी?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी असे व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब वाढलेला असूनही अनेकांना त्याची जाणीव नसते, त्यामुळे चाळिशीनंतर प्रथमच व्यायामाकडे वळणाऱ्यांनी तो आधी तपासून घेणे हिताचे ठरते. व्यायाम करताना छातीत दुखू लागल्यास किंवा भोवळ आल्यास तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

याउलट, मुद्दाम जलद व खोल श्वास घेणेही योग्य नाही. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, बोटांना मुंग्या येतात आणि डोके हलके वाटू लागते.

श्वास रोखला जात आहे की नाही, हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे जोर लावताना आकडे मोठ्याने मोजणे. बोलताना कंठद्वार पूर्ण बंद राहू शकत नाही, त्यामुळे हवा आपोआप बाहेर पडते. आकडा उच्चारणेच अशक्य होऊ लागले, तर त्या दिवशीची संख्या कमी करावी. नवशिक्यांनी श्वास घेण्या-सोडण्याचा क्रम चुकला तरी गोंधळून जाऊ नये. श्वास चालू राहणे अधिक महत्त्वाचे आहे.