रडतं मूल आणि आईबापाचं चित्त



हरिहरेश्वरला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, तिथली प्रदक्षिणेची खडकातली वाट ओहोटी असतानाच चालावी लागते. भरती आली की शहाणा माणूस वरच थांबतो. तो समुद्राशी भांडत नाही. तान्ह्या मुलाच्या रडण्याचंही असंच आहे.

निरोगी बाळाचं रडणं जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी वाढू लागतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. बहुधा ते संध्याकाळी होतं. त्यात आईचा दोष नसतो.

आता हिशेब पाहा. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. तो सरला की न्हाऊमाखू घालणारी बाई येईनाशी होते. चाकरमानी बाप मुंबईला असतो. नवजात बाळासाठी होणाऱ्या आशाताईंच्या घरभेटीही ४२व्या दिवशी संपतात. म्हणजे मदतीला ओहोटी लागते, नेमकी तेव्हाच रडण्याला भरती येते!

मग करावं काय? आधी भूक, ओलं लंगोट, उकाडा पाहा. हातापायांच्या बोटांना केस किंवा दोरा आवळला नाही ना, तेही पाहा. छातीशी धरून फिरवा, गुणगुणा. तरी थांबत नाही आणि आपलंच डोकं तापू लागलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा आणि पाच-दहा मिनिटं पडवीत जा. पाणी प्या, सावकाश श्वास घ्या आणि मग परत या. याला निर्दयपणा म्हणत नाहीत.

संतापाच्या भरात मात्र बाळाला कधीही गदागदा हलवू नका. तान्ह्याचं डोकं जड, मान लुळी. एका हिसड्याने मेंदूत रक्तस्राव होतो, दृष्टी जाते, प्राणही जातो. झोळीचा हलका झोका वेगळा, हा हिसडा वेगळा.

गुंगीचं औषधही नको. पूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या कित्येक आया मुलांना अफू घातलेली 'बाळागोळी' चारीत. मूल गप्प होई, पण ती झोप नव्हती. ते विष होतं.

काही वेळा मात्र थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, दूध न ओढणं, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, आचके किंवा अंग ढिलं पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

शिक्षकांनी पालकसभेत हे जरूर सांगावं. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की "तुझं दूधच पुरत नाही" असं सुनेला म्हणण्याऐवजी म्हणा, "दे त्याला इकडे, तू जरा आडवी हो." अर्ध्या तासाच्या त्या विश्रांतीने आईला पुन्हा धीर येतो.