तलवारीबद्दल नेहमीचे प्रश्न

दमास्कसचे पोलाद दमास्कसचेच का? पुष्कळदा नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या निर्मळ भागाचे लोहखनिज आणि शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रमच्या भट्ट्या यासाठी नावाजलेल्या. इराणी व्यापारी पोलाद घ्यायला थेट तिथवर येत. हेन्री व्हॉयसी याने पाहिलेल्या पद्धतीचे वर्णन १८३२ मध्ये छापले गेले. बंद मुशीत लोखंड वितळवायचे आणि अगदी सावकाश निवू द्यायचे. पात्यावरची लाटांसारखी नक्षी या पोलादातच असते, वरून कोरलेली नसते. कौशल्य तेलंगणातल्या कारागिरांचे आणि नाव मात्र सीरियातल्या शहराचे, हा अन्यायच.

मराठ्यांची तलवार पूर्ण देशी होती? मूठ देशी, पाते अनेकदा युरोपी. अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत.

वजन? साधारण किलोभर. सिनेमातली अवजड तलवार विसरा.

पाहायला मिळते का? नागपूरकर रघूजी भोसल्यांची फिरंग महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. तिचे पाते युरोपी आहे आणि त्यावर देवनागरी लेख आहे.