वीणा खाली ठेवायची नाही

आपले गाव एक आहे, असे आपण म्हणतो. पाहुणा आला की त्याला सांगतोही. पण तोच पाहुणा चार दिवस राहिला तर त्याला काय दिसते? ही वरची आळी, ती खालची आळी. ही या भावकीची विहीर, ती त्या भावकीची. निवडणूक झाली की दोन पार्ट्या. एका पार्टीचा माणूस दुसऱ्या पार्टीच्या दुकानात चहा पीत नाही. बांधावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेले. आणि गावाच्या कडेला एक वस्ती, जिथली माणसे गावच्या प्रत्येक कामाला लागतात, पण गावच्या पंगतीला मागाहून बसतात.

याला आपण भेद म्हणतो. भेद आणि वेगळेपण ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. शेतात ज्वारी वेगळी, तूर वेगळी. दोन्ही एकाच वावरात शेजारी उभ्या असतात, कुणाचे कुणाला ओझे होत नाही. कुंभाराचे काम वेगळे, सुताराचे वेगळे. तेही बरेच आहे. पण "मी वरचा, तू खालचा" किंवा "तू आमच्यातला नाहीस" असे मन म्हणू लागले की वेगळेपणाचा भेद होतो.

हे मन असे का म्हणते? जन्मतः म्हणत नाही. लहान पोर कुणाच्याही अंगाखांद्यावर खेळते. त्याला आपण शिकवतो. "तिकडे जाऊ नको." "त्यांच्या घरचं खाऊ नको." रोज थोडे थोडे शिकवतो. दहा वर्षांत ते पक्के होते. मग मोठेपणी कुणी भाषण केले की सगळी माणसे सारखी, तर आपण मान डोलावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन पहिल्यासारखेच वागतो. सवय अंगात असते, ती नुसत्या कानातून जात नाही. अंगातली सवय जायला अंगालाच दुसरी सवय लावावी लागते. तीही रोज, थोडी थोडी.

आमच्या मते साधना म्हणतात ती हीच. साधना म्हटले की आपल्याला वाटते, गुहेत बसायचे, डोळे मिटायचे. ते ज्याला जमेल त्याने करावे. पण आपल्या मुलखात शेतकऱ्यांनी, कारागिरांनी, मोलकरणींनी दुसरी एक साधना घडवली. त्यात चालायचे असते, गायचे असते, एकमेकांच्या पाया पडायचे असते आणि एकत्र खायचे असते. तिचे नाव वारी.

आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते, देहूहून तुकाराम महाराजांची निघते. आषाढी एकादशीसाठी सगळ्या पालख्या पंढरपुरात पोचतात. आळंदीपासूनची वाट जवळजवळ अडीचशे किलोमीटरची आहे. ती चालायला अडीच आठवड्यांहून जास्त दिवस लागतात. वारकरी दिंडी करून चालतात. दिंडीत पताकावाले असतात, टाळकरी असतात, मृदंग असतो, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात आणि एक विणेकरी असतो.

आता दिंडीत मन कसे बदलते ते नीट बघा, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिले म्हणजे, दिंडीत माणसाचे नाव मागे पडते. सगळ्यांना हाक एकच, माऊली. माऊली, जरा सरका. माऊली, पाणी द्या. गावात ज्याला आपण जातीवरून किंवा धंद्यावरून ओळखतो, त्याला आपण दिवसातून पन्नास वेळा आई म्हणतो. पन्नास वेळा जिभेने म्हटलेले मनाला थोडे तरी लागतेच. दुसरे, दोन वारकरी भेटले की ते एकमेकांच्या पाया पडतात. एकाने पडायचे आणि दुसऱ्याने आशीर्वाद द्यायचा, असे नाही. दोघेही वाकतात. म्हातारा पोराच्या पाया पडतो. सासू सुनेच्या पडते. आपल्याकडे पाया पडणे म्हणजे कोण वरचा नि कोण खालचा हे ठरवणे. वारकऱ्यांनी तीच रीत घेतली आणि तिच्यातला वरखालीपणाच काढून टाकला. आम्हाला ही फार हुशारीची गोष्ट वाटते. आणि तिसरे, टाळ. पन्नास टाळ एका ठेक्यात वाजायचे तर प्रत्येकाला शेजारच्याकडे कान ठेवावा लागतो. आपलाच टाळ मोठ्याने वाजवणारा लगेच उघडा पडतो.

शेवटी काला. पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो. लाह्या, दही असे एकत्र कालवतात आणि एकमेकांच्या तोंडात घास घालतात. ज्या समाजात कुणाच्या हातचे खायचे नि कुणाच्या नाही याचे शंभर नियम होते, तिथे हा घास ठेवला. तो उगीच ठेवलेला नाही.

या वाटेवर कोण कोण होते? नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार, दुसऱ्याच्या घरी दळणारी जनाबाई, मंगळवेढ्याची कान्होपात्रा. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान होते. आणि चोखोबा महार होते.

इथे थोडे थांबू. कारण आतापर्यंत आम्ही गोड गोड सांगितले. आता कडू सांगायला हवे.

चोखोबा सातशे वर्षांपूर्वी होऊन गेले. विठ्ठलावर त्यांचा एवढा जीव, पण देवळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. मंगळवेढ्याला कुसवाचे काम चालले होते. ते अंगावर कोसळून मजुरांबरोबर ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. म्हणजे मेल्यावरही दाराबाहेर. लोक त्या समाधीला हात लावून, डोके टेकून आत जात, आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला मात्र आत सोडत नसत. हे सहाशे वर्षे चालले. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याने अभंगांतून देवालाच याचा जाब विचारला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दुखण्यावर बोट ठेवले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे पाचेक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १९३६ साली त्यांनी लिहिले की, देवापुढे सगळे सारखे असे संतांनी सांगितले, पण माणसामाणसांत सगळे सारखे असे सांगितले नाही. ह्या बोलण्याचा राग येणारे पुष्कळ आहेत. आम्हाला वाटते, राग धरण्याआधी आपल्या गावची पंगत आठवावी. संतांविषयी बाबासाहेबांच्या मनात आदर नव्हता, असे मात्र कुणी म्हणू नये. अस्पृश्य मूळचे कोण, यावर १९४८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखोबा या तीन संतांना अर्पण केले. पुढे १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्माची वाट धरली. तीही माणसामाणसांतल्या समतेचीच वाट होती.

पंढरपूरचे दार उघडले ते १९४७ साली. साने गुरुजींनी त्यासाठी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. गुरुजी गावोगाव सभा घेत आणि म्हणत, देव सगळ्यांचा असेल तर दार सगळ्यांना उघडे करा. त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे खुले केले. मग १ मे १९४७ या दिवशी गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांना जागा कुणी दिली? तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. वारकऱ्यांतले कितीतरी लोक तेव्हा विरोधात होते, पण जागा देणाराही वारकरीच होता. १० मे रोजी मंदिर खुले करायचे ठरले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. तेव्हा देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते.

दार उघडले म्हणून चूल एक झाली का? नाही. इरावती कर्वे त्या सुमारास वारीत चालत गेल्या होत्या. त्यांच्या दिंडीत भजन एकत्र व्हायचे आणि जेवायला ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. ते पाहून त्यांना फार लागले, तसे त्यांनी लिहूनही ठेवले. भजनातून चुलीपर्यंत यायला साधनेला वेळ लागतो. आपोआप ती येतही नाही, कुणीतरी ओढून आणावी लागते.

आमच्या माहितीच्या एका गावात ती कशी आली ते सांगतो.

त्या गावात दर वर्षी हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस नि सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभे राहायचे. दोन दोन तासांचा पहारा. पहाऱ्याची यादी देवळाच्या फळ्यावर खडूने लिहायचे. यादीत सगळ्या आळ्यांची नावे असत, वस्तीवरचे एकही नसे. वस्तीवरचे लोक मंडपाच्या कडेला बसून ऐकत.

एका वर्षी चौथ्या रात्री वळवाचा मोठा पाऊस आला. ओढ्याला पाणी चढले. ज्याचा पहारा दोन वाजता होता तो पलीकडच्या रानात अडकला. गळ्यात वीणा होती ती एका पोराच्या. त्याला ताप भरला होता, पाय लटपटत होते. मंडपात दुसरे कोण होते? कडेला एक म्हातारा, वस्तीवरचा. पोराने त्याला विचारले, "बाबा, धरता का?"

म्हातारा म्हणाला, "माझं नाव फळ्यावर न्हाई, लेकरा."

पोरगा म्हणाला, "मग खाली ठेवू का?"

म्हातारा उठला. पाय धुऊन आला. वीणा देताघेता दोघे एकमेकांच्या पाया पडतात ही रीत. ती दोघांनी पाळली. म्हातारा पहाटेपर्यंत, साडेतीन तास, उभा राहिला.

सकाळी गावात कुजबुज झाली. काही जण चिडले. नेम मोडला म्हणाले. एका जाणत्या टाळकऱ्याने विचारले, "वीणा जमिनीला लागली का? नाही ना? मग नेम कुठं मोडला?" यावर कुणाला बोलता आले नाही. पण मन वळले असेही नाही. पुढच्या वर्षी म्हाताऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले गेले, रात्री दोनच्याच पहाऱ्याला. त्याच्या पुढच्या वर्षी वस्तीवरची चार नावे आली. त्यांच्या आधीचा माणूस त्यांच्या पाया पडत होता, वीणा घेताना तेही त्याच्या पडत होते. पंगत मात्र अजून दोनच होत होत्या. ज्याच्या पाया रात्री पडलो, त्याला सकाळी दुसऱ्या पंगतीला बसवायचे, हे आता सगळ्यांनाच खुपू लागले. बोलत कुणी नव्हते.

तिसऱ्या वर्षी काल्याचे कीर्तन संपले. वाढपी पत्रावळींचे भारे घेऊन आले. मांडव नेहमीसारखाच होता. पण त्या दिवशी लोक मधली जागा न सोडताच बसत गेले. कुणी तसे सांगितले होते की काय, आम्हाला कळले नाही. वाढपी गोंधळला. त्याने त्या टाळकऱ्याला विचारले, "पंगत कुठून धरू?"

टाळकरी आधीच बसला होता, म्हाताऱ्याच्या शेजारी. तो म्हणाला, "पाण्याची घागर जिकडं हाय, तिकडून धर. नि बिगी बिगी कर, ऊन चढलंय."