क्यूजीआयएस शिकायचंय दीपनगरमध्ये, मग नकाशा दक्षिण आफ्रिकेचा कशाला?

क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचं मोफत सॉफ्टवेअर. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी त्याचं काम सुरू केलं. ते शिकवण्यासाठी एक मोफत प्रशिक्षण पुस्तिकाही आहे. तिच्यातला बराचसा सराव दक्षिण आफ्रिकेतल्या स्वेलेंडॅम या गावाच्या नकाशावर चालतो. त्यातल्या एका धड्यात घर शोधायचं असतं: शाळेपासून १ किलोमीटरच्या आत, मुख्य रस्त्यापासून ५० मीटरच्या आत आणि रेस्टॉरंटपासून ५०० मीटरच्या आत.

भुसावळजवळच्या दीपनगरमध्ये बसून कुणी हा धडा केला, तर उत्तर येईल. पण ते बरोबर आहे की चूक, हे कळणार कसं? स्वेलेंडॅमची शाळा त्याने पाहिलेली नाही. तेच औष्णिक वीज केंद्राची वसाहत, फेकरी आणि महामार्ग ५३ समोर असले, तर चूक लगेच डोळ्यांत भरते. म्हणूनच स्थानिक डेटा कसा तयार करायचा, यासाठी या पुस्तिकेत प्रशिक्षकांसाठी वेगळं प्रकरण दिलं आहे.

नकाशाचा किती भाग घ्यायचा?

लहान. अख्खा जळगाव जिल्हा घेतला तर साधे कॉम्प्युटर अडखळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची एक शीट हे सोयीचं माप आहे. ती अक्षांश आणि रेखांश दोन्हींत १५ मिनिटांची असते. दीपनगर जुन्या क्रमांकानुसार ४६ ओ/१६ या शीटमध्ये येतं. या साधारण २६ बाय २८ किलोमीटरच्या चौकोनात भुसावळ जंक्शन, वरणगाव, तापी, हतनूर धरण आणि फैजपूर-सावद्याचा केळीचा पट्टा असं सगळं सापडतं.

एकच उणीव आहे. हा भाग तापीच्या खोऱ्यातला, बराचसा सपाट. उतार आणि उंचीचे धडे शिकवायचे असतील, तर चौकोन उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत वाढवावा लागतो.

डेटा कुठून मिळतो?

रस्ते, रेल्वे, नदी, इमारती यासाठी ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनी मिळून बनवला आहे आणि श्रेय दिलं तर तो कुणालाही वापरता येतो.

उंचीसाठी एसआरटीएमचा डेटा मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' यानाने ११ दिवसांत तो गोळा केला. म्हणजे त्यातलं दीपनगर २००० सालचं आहे. ५०० मेगावॅटचे दोन संच त्यानंतर आले, ते त्यात नाहीत. हे विद्यार्थ्यांना आधी सांगायला हवं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट स्कॅन करून वापरताना आणखी एक अडचण येते. त्या एव्हरेस्ट या जुन्या मोजमाप पद्धतीवर बेतलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर रस्ते आणि रूळ सरकलेले दिसतात.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

अंश आणि मीटरमध्ये. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा अंशांत येतो. शाळेभोवती १ किलोमीटरचं वर्तुळ काढायला गेलेल्या विद्यार्थ्याने नुसतं '१' लिहिलं, तर सॉफ्टवेअर त्याला १ अंश समजतं. उत्तर-दक्षिण १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दीपनगरच्या शाळेचं वर्तुळ दक्षिणेला थेट मराठवाड्यात आणि उत्तरेला मध्य प्रदेशात पोहोचतं.

उपाय सोपा आहे. आधीच सगळे लेयर यूटीएमच्या ४३ उत्तर या झोनमध्ये, म्हणजे मीटरमध्ये बदलून ठेवायचे. खानदेशासाठी हाच झोन आहे. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा झोन सुरू होतो, त्यामुळे नागपूरसाठी तयार केलेली फाइल जशीच्या तशी इथे चालवू नये.

मराठी नावांचं काय?

फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली की 'फेकरी'च्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात. शेपफाइल हा जुना प्रकार आहे. त्यात रकान्याचं नाव १० अक्षरांपर्यंतच चालतं आणि मजकुरालाही २५४ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, 'दीपनगर' या एका शब्दाला १८ बाइट लागतात. त्यामुळे जिओपॅकेज हा नवा प्रकार बरा. त्यात सगळे लेयर एकाच फाइलमध्ये बसतात आणि मराठी नीट राहते.

फक्त फाइल बदलली की झालं?

नाही, प्रश्नही बदलावा लागतो. पुस्तिकेत घरासाठी उत्तरेकडे उतरणारी जमीन चांगली मानली आहे, कारण दक्षिण गोलार्धात ऊन त्या बाजूने येतं. दीपनगर २१ अंश उत्तरेला आहे. इथे वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे असतो. शिवाय भुसावळच्या उन्हाळ्यात घराला जास्त ऊन हवं, असं कोण म्हणेल?

रेस्टॉरंटच्या जवळचं घर शोधण्यापेक्षा राखेच्या बंधाऱ्यापासून २ किलोमीटर दूर, पण शाळेपासून १ किलोमीटरच्या आत असलेली घरं शोधा, असा प्रश्न इथे जास्त शोभतो. औष्णिक केंद्रांजवळच्या गावांना उडणाऱ्या राखेचा त्रास नवा नाही. टूल तेच, बफरचं. पण आता उत्तर शोधायला कारण आहे.

काय दाखवू नये?

केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर नकाशाचा डेटा गोळा करायला भारतीयांना आधी परवानगी लागत नाही. मात्र संवेदनशील ठिकाणांची विशिष्ट माहिती नकाशावर दाखवायला मनाई आहे. या चौकोनात वीज केंद्र आहे आणि आयुध निर्माणीही. सरावाच्या फाइलमधून त्यांच्या आवाराच्या आतले तपशील काढून टाकलेले बरे. शेतांचे गट घेतले तर गट क्रमांक पुरेसा आहे, सातबाऱ्यावरची नावं नकोत.

शेवटचं काम म्हणजे रंगीत तालीम. वर्गातल्यासारख्याच साध्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवून, सगळे धडे एकदा करून पाहायचे. एखादी शाळा, नाला किंवा शिवाररस्ता नकाशात नाही, असं तेव्हाच लक्षात येतं. तो जागेवर जाऊन पाहायचा आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासह भरायचा. प्रशिक्षण दोन-चार दिवसांत संपतं, पण भरलेला रस्ता पुढे तो नकाशा उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.