हापूस थेट विकताय? आधी हे वाचा

रत्नागिरीच्या छोट्या बागायतदारांसाठी पाच गोष्टी 🥭

१. हिशेब मोहोरापासून लिहा. फवारणी, राखण, काढणी, पेटी, गाडीभाडं आणि घरच्यांची मजुरी धरूनच डझनाचा दर ठरवा.

२. हापूसला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं. पेटीवर ते छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

३. आंबा पेंढ्याच्या अढीतच पिकवा. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे.

४. वजनानुसार प्रतवारी करा. वरच्या थरात मोठी, खाली बारकी फळं भरलीत, तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकणार नाही.

५. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटाला पैसे कशाला?

आणि हंगामाच्या कमाईतून पुढच्या फवारणीचे पैसे आधीच बाजूला काढा. पाऊस सुरू झाला की आवक थांबते, खर्च थांबत नाही!