मेंढपाळाच्या कानांवरचे हेडफोन

1938 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल 33 पानांचं पत्र लिहून बाल्टिमोरला पाठवलं. ते तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांसाठी होतं. मुलाचं नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. आई-वडील जवळ आले काय, दूर गेले काय, त्याला फरक पडत नसे. पूर्ण वेशभूषा केलेला सांताक्लॉज घरी आणला, तर त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आणि हाच डोनाल्ड अडीच वर्षांचा असताना आईच्या तोंडून एकदाच ऐकलेली नाताळची गाणी अचूक सुरात म्हणून दाखवत होता! पाच वर्षांनी, 1943 मध्ये, कॅनर यांनी अकरा मुलांवरचा आपला प्रसिद्ध शोधनिबंध छापला. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, जगाला ओळख करून देणाऱ्या त्या निबंधातला पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड.

सांताकडे पाठ आणि गाण्याकडे कान, हे एकाच मुलात कसं नांदत असेल? मला वाटतं, शाळेतल्या नाताळच्या नाटकात स्वमग्न मूल उभं राहतं तेव्हा काय घडतं, हे समजून घ्यायचं तर याच कोड्यापासून सुरुवात करायला हवी.

डिसेंबर लागला की आमच्या नागपुरात, मनीषनगरपासून बेशापर्यंत, शाळाशाळांत गॅदरिंगचे आणि नाताळचे वारे वाहू लागतात. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी नाताळ नसतो, पण नाटक सगळ्यांचं असतं. थर्माकोलचा गोठा, चमकी लावलेला तारा, आईची निळी ओढणी घेतलेली मरीया, आजोबांचा दुपट्टा डोक्याला गुंडाळलेले मेंढपाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे जगात साधारण शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असतं. म्हणजे मोठ्या शाळेत अशी काही मुलं असणारच. काहींचं निदान झालेलं असतं, काहींचं व्हायचं असतं. प्रश्न येतो तो तालमीच्या पहिल्या दिवशी: ह्याला नाटकात घ्यायचं का? आणि घेतलं, तर त्याला जमेल का?

‘जमणार नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने एके काळी विज्ञानही उभं होतं. 1985 साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक साधा खेळ मुलांपुढे मांडला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. तेवढ्यात ॲन ती उचलून डब्यात लपवते. सॅली परत येते. आता ती कुठे शोधेल? दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखता आलं, तर उत्तर ‘टोपलीत’. त्या प्रयोगातल्या 20 स्वमग्न मुलांपैकी 16 जणांनी डब्याकडे बोट दाखवलं. यावरून पुढे लोक बरंच काही बोलू लागले. दुसऱ्याचं मन कळत नाही, तर दुसऱ्याची भूमिका काय करणार? खोटं-खोटं खेळता येत नाही, तर नाटक कसं येणार?

पण 1988 मध्ये व्हिकी लुईस आणि जिल बाउचर या ब्रिटिश संशोधकांनी एक बारीक गोष्ट तपासली. स्वमग्न मुलं आपणहून लुटुपुटीचा खेळ कमी खेळतात, हे खरंच. पण कुणी सांगितलं, ‘ही गाडी गॅरेजमध्ये ने, या बाहुलीला अमुक करायला लाव’, तर? तर ती इतर मुलांइतकंच चांगलं खेळली. मला हा निष्कर्ष वाचताना अक्षरशः थरारल्यासारखं झालं. कल्पना होती, फक्त तिला बाहेर यायला कुणाची तरी सूचना हवी होती. आणि तालमीत दुसरं काय असतं? ‘तू मेंढपाळ आहेस. इथून ये. ताऱ्याकडे बघ. हात वर कर.’ नाटक बसवणाऱ्या बाई नेमकं तेच देतात जे त्या मुलाला हवं असतं.

याहून खोल जाणारी एक मांडणी 2014 साली आली. मांडणारे पवन सिन्हा हे मूळचे भारतीय, अमेरिकेतल्या एमआयटीत मेंदूचा अभ्यास करणारे. त्यांच्या चमूचं म्हणणं असं: आपला मेंदू अहोरात्र पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो, आणि स्वमग्नतेत हा अंदाज बांधण्याचं कामच अवघड होत असावं. अंदाज बांधता आला नाही की प्रत्येक आवाज नवा, प्रत्येक स्पर्श अचानक, प्रत्येक माणूस म्हणजे कोडं. मग तेच-ते करण्याची ओढ, ठरलेल्या रस्त्यानेच शाळेत जाण्याचा हट्ट, यांचा अर्थ लागतो. ही गृहीतकल्पना आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण ती घेऊन पुन्हा डोनाल्डकडे गेलं की कोडं सुटू लागतं. सांता पुढच्या क्षणी काय करेल, सांगता येत नाही. गाणं मात्र दर वेळी त्याच सुरावर वळतं.

आता शाळेचा दिवस त्या नजरेने बघा. सर्वांत कठीण वेळ कोणती? मधली सुट्टी. चारशे मुलं, कुणाचा धक्का कुठून लागेल याचा नेम नाही, नियम मिनिटाला बदलणारे. आणि सर्वांत सोपी? नाटक! समोरचा काय बोलणार हे आधीपासून माहीत, आपण कधी बोलायचं हे माहीत, कुठे उभं राहायचं तिथे खडूची खूण. माणसांच्या गर्दीत राहूनही पुढचं सगळं ठाऊक असण्याची ही बहुधा एकच जागा. आपण समजत होतो, रंगमंच म्हणजे या मुलांसाठी सर्वांत मोठं संकट. तो त्यांच्यासाठी आसराही असू शकतो.

पाठांतराचं तर विचारूच नका. कित्येक स्वमग्न मुलं ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतात. टीव्हीवरची जाहिरात, मेट्रोतली घोषणा, कार्टूनमधला अख्खा संवाद. हा निरर्थक पोपटपंचीचा प्रकार मानून तो बंद पाडण्याकडे पूर्वी कल होता. 1981 मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्युकन यांनी दाखवलं की ऐकल्याऐकल्या केलेल्या पुनरुक्तीतूनही मुलं होकार देतात, मागणी करतात, स्वतःला सावरतात, बोलण्यात आपली पाळी घेतात. अमेरिकन पत्रकार रॉन सस्किंड यांचा मुलगा ओवेन बोलेनासा झाला होता; डिस्नेच्या चित्रपटांतल्या संवादांमधून तो घरच्यांशी पुन्हा बोलू लागला. त्यांनी ते सगळं ‘लाइफ, ॲनिमेटेड’ या पुस्तकात लिहिलं आहे. उसनी वाक्यं घेऊन मनातलं बोलणं, हीच तर नटाची कला!

म्हणूनच तालमीत एक गंमत होते. तीन वाक्यांचा मेंढपाळ असलेला मुलगा योसेफाचं, देवदूताचं, तिन्ही मागी (ज्ञानी) लोकांचं, सगळ्यांचं पाठ करून बसलेला असतो. कुणी एक वाक्य गाळलं, की तो मध्येच थांबवून सांगतो, ‘आधी ते म्हणायचं.’ हा आगाऊपणा नसतो. ज्या ठरलेपणावर तो विसावलेला असतो, त्याला तडा गेलेला असतो.

अमेरिकेतच ब्लाइथ कॉर्बेट या मानसशास्त्रज्ञ स्वतः रंगभूमीवर रमलेल्या; त्यांनी 2009 मध्ये ‘सेन्स थिएटर’ सुरू केलं. स्वमग्न मुलांच्या जोडीला त्यांच्याच वयाची, प्रशिक्षण दिलेली इतर मुलं आणि शेवटी खरंखुरं नाटक. 2016 मध्ये त्यांनी 8 ते 14 वयाच्या 30 जणांवरचा अभ्यास छापला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी केली होती: काहींना लगेच नाटक, काहींना नंतर. दहा सत्रांनंतर नाटक केलेल्या मुलांची चेहरे लक्षात ठेवण्याची आणि दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता वाढलेली दिसली. तीस ही संख्या लहान आहे, त्यावर मोठे दावे करू नयेत. पण शिकवणी म्हणून नव्हे, तर मित्रांबरोबर नाटक करता करता हे घडलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मग अडतं कुठे? अभिनयात नाही, अभिनयाच्या भोवती. करकरणारा माइक, डोळ्यांवर येणारा हॅलोजन, मानेला टोचणारी कापसाची दाढी, ऐन वेळी ‘आज तू उजवीकडून ये’ अशी सूचना. आणि टाळ्या. मनीषनगर रेल्वेरुळांच्या कडेने वाढलेलं. इथल्या एखाद्या मुलाला गाडीचा भोंगा आवडत असेल, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असतील आणि तरीही टाळ्यांच्या कडकडाटात तो कानांवर हात दाबून खाली बसेल. ‘गाडीचा आवाज चालतो, मग हा का नाही?’ असं घरचे चक्रावून विचारतात. भोंग्यामागे गाडी येते, हे त्याला ठाऊक असतं. दोनशे माणसं कधी टाळ्या पिटतील, हे कोणत्याच वेळापत्रकात नसतं.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. पोशाख आठवडाभर आधी घरी द्यावा, म्हणजे तो अंगवळणी पडतो. रंगीत तालमीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून द्यावा. आवाज अडवणारे हेडफोन दुपट्ट्याखाली सहज बसतात, आणि दिसले तर दिसू द्यावेत. त्यामुळे मेंढपाळाचा मेंढपाळपणा कमी होत नाही. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायला प्रेक्षकांना सांगता येतं. कर्णबधिरांची ही दाद देण्याची रीत अनेक ठिकाणी स्वमग्न मंडळींनीही स्वीकारली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ऑक्टोबर 2011 मध्ये ‘द लायन किंग’चा स्वमग्न प्रेक्षकांसाठीचा पहिला खास प्रयोग झाला. दचकवणारे आवाज आणि लखलखणारे दिवे सौम्य केले, बाहेर शांत बसायला जागा ठेवली. एवढ्या भव्य नाटकाला जे जमतं, ते शाळेच्या हॉलला का जमू नये?

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये म्हटलं की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. प्रेक्षकांतल्या आपल्यासारख्यांनी हे मनावर घ्यावं. मंचावरच्या मुलाची नाचणारी बोटं पाहून ‘घाबरला बिचारा’ म्हणण्याआधी थांबावं. कदाचित तो आनंद असेल.

ज्याला बोलायचंच नाही त्याचं काय? नाताळच्या गोठ्याचा इतिहास इथे मदतीला येतो. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने जिवंत देखावा उभा केला, तेव्हा तिथे होती गव्हाण, चारा, एक बैल आणि एक गाढव. मुका बैल ही शिक्षकांनी कीव येऊन दिलेली जागा नाही, ती या परंपरेतल्या सर्वांत जुन्या भूमिकांपैकी एक आहे. आणि रंगमंचावर यायचंच नसेल, तर पडदा ओढणं आहे, ताऱ्याचा दिवा लावणं आहे. नको म्हणण्याचा हक्कही आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि त्याचं सोळावं कलम मान्यताप्राप्त शाळांना सांगतं की खेळ आणि मनोरंजनाच्या संधी या मुलांना इतरांच्या बरोबरीने मिळाव्यात, त्यासाठी वाजवी सोयी कराव्यात. म्हणून भूमिका वाटायच्या आधी बाईंनी मुलाच्या आईला एक फोन करावा: त्याला कोणता आवाज नको वाटतो, कोणतं कापड टोचतं आणि घरी तो कुठली वाक्यं सारखी म्हणत असतो? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्याला कोणती भूमिका द्यायची, ते बहुधा कळेल.